माया राखून घातलेली टीप

श्रोतेहो, नमस्कार.

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला आहाराबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि व्यायामाबद्दल सांगणारे त्याहूनही जास्त भेटतात. पण तीन-चार महिन्यांनी सलवार कमरेवर थांबेनाशी झाली, पट्टा आवळल्यावर पँटला चुण्या पडू लागल्या आणि ब्लाउज खांद्यावरून घसरू लागला, की काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. नवे कपडे घ्यावेत, तर तेही काही महिन्यांत सैल होणार. आणि घेऊ नयेत, तर रोज कामावर जाताना दुसऱ्या कोणाचे कपडे घालून निघाल्यासारखे वाटणार. घरभाडे, मुलांची फी आणि किराणा भागल्यावर कपड्यांसाठी महिन्याला चार-पाचशे रुपयेच उरत असतील, तर ही अडचण चांगलीच टोचते. मी गेली बावीस वर्षे घरी शिवणकाम करते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तातली साखर काठावर असल्याचे सांगितले, तेव्हापासून सव्वा वर्षात माझे स्वतःचे वजनही 15 किलोंनी उतरले. त्यामुळे शिवणारीण म्हणून आणि गिऱ्हाईक म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी मी हा प्रश्न पाहिलेला आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांची पहिली घाई असते ती सगळे कपडे एकदम आवळून घेण्याची. मागच्या वर्षी शेजारच्या इमारतीतली एक मुलगी दोन पिशव्या भरून कुर्ते घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, पाच किलो कमी झालेय, हे सगळे फिटिंग करून द्या." मी तिला सांगितले, "यातले दोनच ठेव आणि बाकीचे परत ने." सुरुवातीच्या आठवड्यांत काट्यावर जे किलो उतरलेले दिसतात, त्यात पाण्याचा वाटा बराच असतो, आणि त्यानंतर आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरेसा आहे, असे डॉक्टर सांगतात. शिवाय चरबी कुठून आधी उतरेल, हे कोणाच्या हातात नसते. एकीचा चेहरा आणि दंड आधी बारीक होतात, तर दुसरीची कंबर उतरते आणि मांड्या महिनोन्‌महिने तशाच राहतात. म्हणून वजनाच्या आकड्यावर कपड्यांचा निर्णय घेऊ नये. छाती, कंबर आणि सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ही तीन मापे महिन्यातून एकदा, सकाळच्या वेळी, तारीख घालून वहीत लिहून ठेवावीत. कुर्त्याला अंगाच्या मापापेक्षा तीन-चार इंचांचा सैलपणा मुळातच दिलेला असतो. त्यामुळे छाती दोन इंचांनी उतरली, तरी कुर्ता फार बेढब दिसत नाही. बगलेखाली दोन्ही बाजूंना चिमटीत दोन-दोन इंच कापड सहज येऊ लागले, म्हणजे तो मशीनवर घेण्याची वेळ झाली, असे मी समजते.

तोपर्यंतचे दिवस नाडी, पट्टा आणि सुई-दोऱ्यावर निभावता येतात. मोच्याकडून पट्ट्याला दोन भोके जास्तीची पाडून घ्यावीत. ब्लाउजचे हूक उसवून अर्धा इंच आत लावणे हे दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याला मशीनही लागत नाही. मात्र अर्ध्या इंचापेक्षा जास्त सरकवले, तर पुढची पट्टी मध्यावरून हलते आणि गळा तिरका दिसू लागतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखलेले असते, त्याला आम्ही शिवणकाम करणारे लोक 'माया' म्हणतो. हा शब्द कोणी योजला असेल, त्याला खरोखर दाद द्यावी. वाढत्या अंगाच्या मुलांच्या कपड्यांत आई-आजी भरपूर माया ठेवायला सांगत, गणवेशाच्या स्कर्टला खाली चार बोटे दुमड घालत आणि दर जूनमध्ये ती थोडी थोडी सोडत. तुमचे काम याच्या उलट्या दिशेने चालणार आहे, आणि ते अधिक सोपे आहे. कपडा सैल करायचा झाला, तर आत माया असावी लागते, आणि ती असली तरी जुनी शिवण उसवल्यावर सुईची भोके आणि न विटलेल्या रंगाची रेघ बाहेर दिसते. आवळायचा झाला, तर हे काहीच आड येत नाही, कारण सगळ्या खुणा आत जातात. म्हणून बारीक होणाऱ्या माणसाने शिंप्याला एवढेच बजावावे, की जुनी टीप उसवू नका, तिच्या आतून नवी टीप घाला, टाका थोडा मोठा ठेवा आणि उरलेले कापड कापू नका. वजन पुन्हा वाढले, तर आतली टीप उसवायला पाच मिनिटे लागतात. वजन आणखी उतरले, तर तिसरी टीप घालता येते. माझ्या एका शेवाळी रंगाच्या ब्लाउजला आतून अशा चार टिपा आहेत. बाहेरून ते कोणाला कळत नाही. जाड कापडात मात्र इतकी माया बगलेत टोचते, आणि पातळ रेशमी कापडात तिची कड बाहेरून उमटते. अशा कपड्याची माया कापावीच लागते, पण ती वजन थांबल्यावर कापावी.

कुठला कपडा आवळण्याजोगा आहे, हे खांद्यावरून ठरवावे. माणूस बारीक झाला, तरी खांद्याचे हाड तेवढेच राहते. त्यामुळे जो कपडा पूर्वी खांद्यावर बरोबर बसत होता, तो बाजूने आत घेतला की पुन्हा चांगला दिसतो. मात्र कंबर झाकावी म्हणून ज्यांनी मुळातच दोन मापे मोठे कपडे घेतले होते, त्यांच्या कुर्त्याचा खांदा दंडावर उतरलेला असतो. तो दुरुस्त करायचा, तर बाही काढावी लागते, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापावा लागतो आणि बाही पुन्हा बसवावी लागते. एवढ्या मेहनतीची मजुरी साध्या कुर्त्यावर घालवण्यात अर्थ नाही. तो घरात घालावा.

पुरुषांच्या शिवून घेतलेल्या पँटला मागच्या मधल्या शिवणीत माया ठेवलेली असते आणि तिथूनच कंबर कमी केली जाते. दोन इंचांपर्यंत हे काम छान होते. त्यापुढे गेले, की मागचे खिसे एकमेकांच्या जवळ येतात आणि पँट विचित्र दिसते. जीन्सला दुहेरी दाबाची शिवण असते, म्हणून ती उसवायला वेळ लागतो आणि मजुरीही जास्त पडते. माझे मत असे, की वजन उतरत असेपर्यंत जीन्सवर पैसे खर्च करू नयेत.

साडी नेसणाऱ्या बायका या बाबतीत नशीबवान आहेत. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची असते आणि तिला माप म्हणून काही नसतेच. अंग उतरले, की जास्तीचे कापड निऱ्यांत जाते. माझ्या निऱ्या पाचाच्या सात झाल्या, एवढाच काय तो फरक पडला. परकराला नाडी असते. अडचण उरते ती ब्लाउजची, आणि वजन उतरत असताना नवे ब्लाउज शिवून घेणे म्हणजे मजुरी वाया घालवणे होय. मी स्वतः शिवणारी असून हे सांगते आहे, हे लक्षात घ्या. ब्लाउजपीस जपून ठेवावेत आणि तोवर ताणणाऱ्या कापडाचे तयार ब्लाउज वापरावेत; काळा, सोनेरी आणि मरून असे तीन रंग असले, तर बहुतेक साड्यांवर भागते. पुण्यात तुळशीबागेत असे ब्लाउज मिळतात आणि आता बहुतेक गावांच्या बाजारपेठांतही ते आलेले आहेत. दोन-तीन इंचांचा फरक ते सहज सांभाळून घेतात.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये, असे मला वाटते. अंतर्वस्त्रे सैल झाली, की वरचा कितीही चांगला आवळलेला कपडा नीट बसत नाही, आणि त्यांना टिपा घालून उपयोग होत नाही. ब्रेसिअरच्या पट्ट्याला हुकांच्या दोन-तीन रांगा असतात. नवी घेताना ती सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल रांगेवर बरोबर बसेल अशी घ्यावी. पुढे अंग उतरेल आणि इलॅस्टिकही ताणले जाईल, तसतसे आतल्या रांगांवर येता येते. आतली रांगही सैल पडली, म्हणजे दुसरी घ्यावी. माझ्या त्या सव्वा वर्षातला नव्या खरेदीचा मोठा भाग यावरच गेला आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

बाहेरच्या कपड्यांपैकी विकत किती घ्यावे, असे विचाराल तर कामावर जाणाऱ्या बाईला नाडीच्या किंवा इलॅस्टिकच्या दोन सलवारी आणि त्यांवर चालतील असे तीन कुर्ते पुरतात. ते आजच्या अंगाला बसणारे असावेत. "पुढच्या दिवाळीपर्यंत यात मावेन" या आशेने लहान मापाचा महागडा ड्रेस घेऊन ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तो कपाटातून रोज टोमणे मारतो आणि शेवटी भाचीच्या अंगावर जातो. लेबलावरच्या मापावरही विसंबू नये, कारण एका दुकानातले एल दुसऱ्या दुकानात एम निघते. टेप सोबत न्यावा आणि कुर्ता पसरून बगलेखाली मोजावा.

बहीण, जाऊ, नणंद यांच्यात कपड्यांची देवघेव असेल, तर मधल्या मापाचे कपडे फुकटच मिळतात. आपल्या घरांमध्ये लग्नाकार्याला एकमेकींच्या साड्या नेसण्याची रीत आहेच. रोजच्या कपड्यांबाबत मात्र उगीच संकोच केला जातो.

जुन्या मोठ्या कपड्यांचे काय करावे, यावर हल्ली असा उपदेश ऐकू येतो, की ते ताबडतोब देऊन टाकावेत, म्हणजे पुन्हा जाड होण्याची वाटच बंद होते. ज्यांना पुन्हा सगळे विकत घेणे परवडते, त्यांच्यासाठी हे ठीक आहे. आजारपण येते, गुडघा दुखावतो, चालणे सुटते आणि पाच-सहा किलो परत येतात, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. म्हणून वजन सहा महिने एका जागी टिकेपर्यंत मोठ्या मापाचे दोन जोड कडुनिंबाचा पाला घालून बांधून ठेवावेत आणि बोहारणीला पातेल्याच्या बदल्यात इतर कपडे द्यावेत. चांगल्या सुती कुर्त्याचा घेर मोठा असतो. त्यातून पाच-सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक निघतो. आणि विरलेल्या सुती साड्या गोधडीसाठी राखाव्यात, कारण धावदोरा घालताना नव्या कापडापेक्षा विरलेले कापड सुईला सोपे जाते.

आता दुरुस्तीला कपडे टाकायचे कधी, तेवढे सांगते. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी शिंप्याकडे गेलात, तर नव्या कपड्यांच्या गठ्ठ्याखाली तुमचा कुर्ता महिनाभर पडून राहील आणि मजुरीही वाढवून सांगितली जाईल. गणपती उठल्यावर पितृपंधरवडा लागतो. त्या दिवसांत नवे कपडे शिवायला टाकायला लोक कचरतात आणि आमच्या मशीनी मोकळ्या असतात. जुन्या कपड्याला आतून टीप घालण्यावर कोणत्याही पंचांगाची हरकत नाही. त्या पंधरवड्यात चार कपडे एकदम घेऊन या. मजुरीत दहा-वीस रुपये मीसुद्धा सोडते.

नमस्कार.