चार चमचे, चार पेले

(दृश्य: निळं पाणी, तळावर रांजणांचा ढीग)

पाण्याखाली सुमारे ३० मीटर. समोर दिसतात ते अँफोरा: दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे रांजण. जवळपास ४०० आहेत आणि बहुतेक ऱ्होड्स या ग्रीक बेटावरच्या घडणीचे. हा एका प्राचीन ग्रीक व्यापारी जहाजाचा माल.

सायप्रसच्या किरेनिया बंदराबाहेर १९६५ साली आंद्रेआस कारिओलू या स्थानिक पाणबुड्याला हा ढीग दिसला. मग जागा हरवली. त्याने ती पुन्हा हुडकली आणि १९६७ साली मायकेल कॅटझेव्ह यांच्या संशोधक चमूला नेऊन दाखवली. बुडालेल्या जहाजांचा माल उचलून विकणारे तेव्हाही होतेच. पुढे दिसणारं सगळं काही या माणसामुळे हाती लागलं.

(दृश्य: पाइपांच्या चौकटी, पाणबुडे, गाळ ओढणारी नळी)

१९६८ आणि १९६९, असे दोन हंगाम. आधी तळावर चौकटी आखायच्या. प्रत्येक चौकोनाचे फोटो, मापं, रेखाटन. मग नळीने गाळ हळूहळू ओढून घ्यायचा. जागेची नोंद झाल्याशिवाय वस्तू हलवायची नाही, कारण कुठली वस्तू कशाच्या शेजारी होती हे एकदा गेलं की गेलंच.

(दृश्य: बदाम, मग चमचे, अगदी जवळून)

रांजणांखाली दळणाचे २९ दगड निघाले. जवळजवळ १०,००० बदाम निघाले, टरफलांसकट. जेवणाच्या वस्तू मात्र चार-चारच: चार लाकडी चमचे, चार पेले. म्हणजे खलाशी चार असावेत.

आणि सगळ्यांत खाली खुद्द जहाज. उघड्यावर पडलेलं लाकूड समुद्रातले किडे पोखरून टाकतात. इथे माल वर राहिला, लाकूड गाळात दबलं, म्हणून सुमारे २,३०० वर्षांनंतरही सांगाड्याचा तीन चतुर्थांश भाग शाबूत होता.

(दृश्य: ओल्या फळ्या, रसायनाच्या टाक्या)

असं लाकूड नुसतं वाळवलं तर आक्रसतं, चिरतं. म्हणून ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनात मुरवत ठेवलं. बाहेर काढण्याइतकंच हे महत्त्वाचं, आणि पैसा नेमका इथे आटतो. टाक्यांची सोय नसेल तर जहाज गाळातच राहू द्यावं.

जुळणीचं काम आलं रिचर्ड स्टेफी यांच्याकडे. धंद्याने इलेक्ट्रिशियन, जुन्या जहाजांचा नाद. आधी छोट्या प्रतिकृती, मग खऱ्या फळ्या. त्यातून बांधणीची रीत उलगडली. फळीच्या कडेला खाच, खाचेत कुसू, म्हणजे दोन फळ्या जोडणारी लाकडी पट्टी, वरून लाकडी खुंटी, की पुढची फळी. आधी असं सगळं कवच उभं करायचं, बरगड्या नंतर. फळ्यांवर जागोजागी दुरुस्तीच्या खुणा आहेत, बाहेरून शिशाचा पत्रा आहे. जहाज म्हातारं होतं, तरी कुणीतरी ते निगुतीने चालवत होतं.

बुडालं कशाने? सांगाड्यापाशी भाल्यांची लोखंडी पाती सापडली. चाच्यांचा हल्ला झाला असावा.

(दृश्य: किरेनियाचा किल्ला, काचेपलीकडे सांगाडा)

१९७४ साली सायप्रस बेटाची उत्तर-दक्षिण फाळणी झाली. जहाज किल्ल्यातच राहिलं, आजही तिथेच आहे.

(दृश्य: प्रतिकृती, चौकोनी शीड)

ग्रीसमध्ये त्याच रीतीने, कुसू बसवत बसवत, दुसरं जहाज बांधलं. १९८५ साली ते पाण्यात उतरलं. नाव ठेवलं किरेनिया-२. पुढच्या वर्षी शिडाच्या जोरावर ते सायप्रसला पोहोचलं.

(शिडात वारा भरतो. निवेदन थांबतं.)