ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने फॅमिली डॉक्टरला हेरॉइन, फेंटानिल किंवा वेदनाशामक गोळ्या अशा ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या पदार्थांच्या व्यसनावर आपल्याच दवाखान्यात उपचार करायची वाट मोकळी झाली. २००२मध्ये त्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन या औषधाला मंजुरी मिळाली. पण अटी होत्या: ८ तासांचं प्रशिक्षण, वेगळा परवाना आणि सुरुवातीला फक्त ३० रुग्ण. गंमत बघा, ज्या गोळ्यांनी व्यसन जडायचं, त्या लिहायला असा परवाना लागत नव्हता! डिसेंबर २०२२मध्ये परवान्याची आणि रुग्णसंख्येची अट गेली. तरी अनेक डॉक्टर हे औषध लिहायला बिचकतात. आमच्या मते, ही भीती असते पहिल्या गोळीची, आणि प्रशिक्षणाचा भर तिथेच हवा.

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइडच्या जागांना घट्ट चिकटतं, पण त्यांना अर्धवटच चेतवतं. शरीरात हेरॉइन भरपूर असताना ते दिलं, तर ते हेरॉइनला तिथून हुसकावतं आणि रुग्णाला थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, घाम, तगमग सुरू होते. असा रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. दोष गोळीत मिसळलेल्या नॅलॉक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम तोडणाऱ्या औषधाचा, असं बरेच डॉक्टरही धरून चालतात. तसं नाही, जिभेखालून नॅलॉक्सोन जेमतेम शोषलं जातं. चुकते ती वेळ.

वेळ ठरवायची 'काऊज' तक्त्यावर; नशा उतरतानाचा त्रास किती सुरू झालाय, हे तो मोजतो. नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, जांभया, अंगावरचा काटा, हातांची थरथर अशा ११ गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज निदान ८, शक्यतो १२च्या पुढे गेली की २ ते ४ मिलिग्रॅम जिभेखाली. तास-दोन तास पाहायचं, त्रास उरला तर पुन्हा तेवढंच. पहिल्या दिवशी साधारण ८ मिलिग्रॅम, मग काही दिवसांत १६ ते २४. हा तक्ता वाचून येत नाही. शिकणाऱ्यांनी जोडीजोडीने एकमेकांवर तो भरून बघावा; एकाच रुग्णाला दोघांनी दिलेले गुण किती वेगळे पडतात, ते तिथे कळतं.

हेरॉइननंतर १२ तास थांबणं बहुधा पुरायचं. फेंटानिलने हे गणित बिघडवलं. रोजच्या वापराने ते चरबीत साठतं आणि दिवसेंदिवस झिरपत राहतं. म्हणून घड्याळापेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवायचा, नाहीतर अर्ध्या मिलिग्रॅमपासून हळूहळू चढत जायचं.

रुग्णाला सांगायच्या गोष्टी साध्या, पण नेमक्या याच राहून जातात. गोळी गिळायची नाही, गिळली तर बरंचसं औषध वाया जातं. ती विरघळेपर्यंत बोलणं, खाणं, सिगारेट बंद. नंतर पाण्याने चूळ भरायची, दात मात्र तासाभराने घासायचे, कारण या गोळीने दात किडल्याच्या तक्रारी आल्या आहेत. घरात नॅलॉक्सोनचा नाकातला फवारा हवा, आणि तो घरच्यांना मारता यायला हवा.

आठ तासांच्या वर्गानंतर खरी अडचण सुरू होते. तिसऱ्या आठवड्यात लघवीच्या तपासणीत फेंटानिल निघालं, आता विचारायचं कुणाला? न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३मध्ये हिपॅटायटिस सीसाठी 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. गावोगावचे डॉक्टर ठरल्या वेळी व्हिडिओवर जमतात, नाव न सांगता रुग्णाची माहिती मांडतात, तज्ज्ञ आणि इतर डॉक्टर मार्ग सुचवतात. व्यसनोपचारातही ही पद्धत रुळली. बेंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनेही ती उचलली आहे.

त्या लघवीच्या अहवालाचं उत्तर मात्र आत्ताच देतो: औषध थांबवायचं नाही. मात्रा पुरते का, गोळी नीट विरघळते का, हे पाहायचं आणि भेटी वाढवायच्या. मधल्या काळात शरीराची ओपिऑइड सोसण्याची ताकद उतरलेली असते. औषध तोडलेला रुग्ण पूर्वीइतकंच फेंटानिल घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. हे फोन उचलणाऱ्या स्वागतिकेलाही शिकवा, म्हणजे चुकलेल्या भेटीचा रुग्ण फोन करील तेव्हा ती त्याला पुढच्या महिन्याची तारीख देणार नाही.