लाल टोपीची सिरिंज
(सोलापुरातील इंटर्न व निवासी डॉक्टरांपुढील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नाइट करून थेट इथं आलेली मंडळी दिसताहेत. डोळा लागला तर लागू द्या, फक्त सिरिंजची गोष्ट ऐकून मग झोपा.

मी इंटर्न होतो. मे महिना; सोलापूरचा मे तुम्हाला काय सांगायचा! पूर्व भागातल्या एक विडी कामगार मावशी वॉर्डात होत्या. पायाला जखम, साखर चढलेली. नातेवाइकांनी बाहेरून आणलेली इन्सुलिनची वायल १०० ची, म्हणजे एका मिलीत १०० युनिट; आणि माझ्या हाताला लागली ती लाल टोपीची, म्हणजे ४० ची सिरिंज, मिलीला ४० युनिटवाल्या इन्सुलिनची. द्यायचे होते २० युनिट, म्हणून मी २० च्या रेघेपर्यंत भरली. करा हिशेब. ती रेघ म्हणजे अर्धा मिली, आणि त्या वायलमधल्या अर्ध्या मिलीत ५० युनिट. अडीच पट!

मावशींना दरदरून घाम फुटला. सगळे म्हणाले, उकाडा. सिस्टरनी कपाळाला हात लावला नि म्हणाल्या, "डॉक्टर, हा घाम गार आहे." रक्तातली साखर ३८, म्हणजे जिवावर बेतण्याइतकी कमी. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, मावशींनी डोळे उघडले आणि लेकीला तेलुगूत काही म्हणाल्या. लेकीनं मला सांगितलं, "आई विचारतीय, डॉक्टर जेवले का?"

आणि मी केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण जेवलेली नाही.' भाकरीचं रिकामं ताट मी डोळ्यांनी पाहिलं होतं. डोस चुकला ती चूक. हे वाक्य मात्र मी विचार करून लिहिलं. त्याचा परिणाम असा, की ट्रॉलीवर लाल टोप्यांच्या नि केशरी टोप्यांच्या, म्हणजे १०० च्या, सिरिंजा एकाच ट्रेमध्ये तशाच पडून राहिल्या, पुढच्या इंटर्नसाठी.

का नाही सांगितलं? कारण राउंडमध्ये पहिला प्रश्न असायचा, "कुणी केलं?" 'कसं झालं' हा प्रश्न मी तिथं ऐकलाच नाही. पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर पोराला फाडून खायचं, ही आमच्या पिढीनं जपलेली रीत आहे आणि मला तिचा राग आहे. समोरच्या रांगेतल्या सरांनाही मी हे हात जोडून सांगतोय.

अमेरिकेत अल्बर्ट वू आणि सहकाऱ्यांनी ११४ निवासी डॉक्टरांना त्यांच्या चुकांबद्दल विचारलं होतं. १९९१ ची गोष्ट. वरिष्ठांशी बोललेले ५४ टक्के. रुग्णाला किंवा घरच्यांना सांगितलेले २४ टक्के. पुढं २००० साली वूंनी चूक झालेल्या डॉक्टरला 'दुसरा बळी' म्हटलं; पहिला अर्थात रुग्ण. दुःख खरं आहे, पण त्या लेकीसमोर उभं राहून मी स्वतःला बळी म्हणू शकणार नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. चूक झाली तर काय करायचं, ते आता भरभर सांगतो. आधी पेशंट सावरा. लगेच वरिष्ठांना फोन. केसपेपरवर खरी वेळ, खरा डोस. खाडाखोड नाही, कारण कोर्टात बदललेला कागदच अंगाशी येतो. घरच्यांना वरिष्ठांसोबत बसून, मराठी कळत नसेल तर त्यांच्या भाषेत सांगा. पोलिसांची भीती असेल, तर जेकब मॅथ्यू खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल वाचा: फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो. ग्राहक न्यायालयाचा दावा वेगळा. आणि त्या रात्री होस्टेलच्या खोलीत एकटे बसू नका, मित्राला उठवा.

इथून ड्यूटीवर जाणाऱ्यांनी आधी ट्रॉली बघा. लाल नि केशरी एकत्र दिसल्या, तर वेगळ्या करून ठेवा. मी खाली जिन्यापाशी थांबतो. कुणाला एकट्यात बोलायचं असेल तर या.