दिवसा चड्डी, प्रवासात पँट

श्रोतेहो, नमस्कार.

दोन-अडीच वर्षांचं मूल असलेल्या घरात सध्या एका विषयावरून रोज थोडी बोलाचाली होते. आजी म्हणते, "अगं, काढ ती डायपरची पँट. दिवसभर ती घालून ठेवलीस तर पोराला शू आलेली कळणार कशी?" सून म्हणते, "आई, नऊ वाजता मला कॉलवर बसायचंय. मध्येच त्याने सोफ्यावर केली तर कोण बघणार?" दोघींचंही खरं आहे. मी कोथरूडमध्ये पाळणाघर चालवते, आणि हा वाद दारात मूल सोडायला आलेल्या आयांकडून, बाबांकडून, आजीआजोबांकडूनही ऐकते. म्हणून आज वापरून टाकून द्यायच्या ट्रेनिंग पँट्सबद्दल, म्हणजे चड्डीसारख्या चढवायच्या डायपरबद्दल, बोलायचं ठरवलं. त्यांनी मूल शी-शू सांगायला लवकर शिकतं, की उलट लांबतं?

माझं मत आधीच सांगून टाकते. मूल जागं असताना आणि घरात असताना ही पँट शिकण्याच्या आड येते. झोपेत आणि प्रवासात ती खुशाल वापरावी.

शू सांगणं आपल्याला एकच गोष्ट वाटते. लहान मुलाला मात्र त्यासाठी बरंच काही जमावं लागतं. पोटाखाली काहीतरी भरलंय हे जाणवायला हवं, ते थोडा वेळ धरून ठेवता यायला हवं, खेळ सोडून बाथरूमकडे जायला हवं, चड्डी खाली करायला हवी, आणि बसल्यावर धरलेलं सोडता यायला हवं. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 90 ते 120 मिलिलिटर लघवी मावते, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढी. कळल्यापासून होईपर्यंत फार वेळ त्याच्या हातात नसतो.

आणि हे कळणं मुलाला उलट्या क्रमाने येतं. आधी ते "शू झाली" म्हणतं. बरेच आईबाप इथेच वैतागतात, "झाल्यावर काय सांगतोस?" पण ही खरी पहिली पायरी आहे, तिचं कौतुक व्हायला हवं. मग काही दिवसांनी मूल खेळता खेळता थबकतं, खाली बघतं, आणि "होतेय" म्हणतं. "आलीय" हे सगळ्यात शेवटी येतं. पहिल्या दोन पायऱ्या चढायच्या तर मुलाला ओलं लागायला हवं, पायावरून ओघळ जायला हवा, जमिनीवर थारोळं दिसायला हवं. आतून आलेली कळ आणि बाहेर दिसलेलं पाणी यांची सांगड तिथेच बसते.

पँट नेमकं तेवढंच काढून घेते. घरी एकदा करून बघा. एक कोरी पँट घ्या आणि मधला जाड भाग कात्रीने उघडा. कापसासारख्या थरात मिठासारखे बारीक पांढरे कण दिसतील. ते सोडियम पॉलिॲक्रिलेटचे असतात. आता त्यावर हळूहळू एक कप पाणी ओता. कण फुगून साबुदाण्याच्या खिरीसारखे गिळगिळीत होतात. त्यावर वरचं अस्तर ठेवून तळहात दाबलात तर हात जवळजवळ कोरडा राहतो. चांगल्या डायपरचं हेच काम आहे, आणि ते तो चोख करतो. पण ज्या मुलाला ओलं झालेलं कळायला हवंय, त्याच्यासाठी हा कोरडेपणा अडचणीचा आहे. शिवाय मोठ्यांनाही कळत नाही. मुलाने अकराला शू केली की साडेअकराला, दोनदा केली की चारदा, याचा अंदाजच घरात कुणाला नसतो, मग वेळेवर नेणार तरी कसं?

पँटच्या बाजूनेही बोललं पाहिजे. टेपचा डायपर आडवं पाडून बांधावा लागतो. पँट उभ्याने चढते, उभ्याने उतरते, आणि मूल ती स्वतः ओढू शकतं. 1989 साली अमेरिकेत किंबर्ली-क्लार्क कंपनीने 'पुल-अप्स' नावाच्या अशा पँट्स बाजारात आणल्या, त्यामागे मुलाने आपलं आपण वर-खाली करावं हाच विचार होता. पण आपल्याकडे पँटच्या आकारात जे मिळतं, त्यातलं बहुतेक साधा डायपरच असतं, फक्त टेपऐवजी कमरेला इलॅस्टिक. ते घातलं म्हणजे शिकवणं सुरू झालं, असं समजू नका. वर-खाली करण्याचा सराव तर सैल सुती चड्डीतही होतो.

यावर थोडा अभ्यासही झालेला आहे. 2006 साली अमेरिकेत डायपर, ट्रेनिंग पँट आणि साधी चड्डी यांची तुलना करून पाहिली, फक्त पाच मुलांवर. त्यातल्या काही मुलांना चड्डीने स्पष्ट फायदा झाला. पँट आणि डायपर यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. अभ्यास अगदी छोटा आहे, पण मी रोज जे बघते त्याच्याशी तो जुळतो. "काही मुलांना" हे शब्दही महत्त्वाचे आहेत. पँट घालूनही वेळेवर शिकलेली मुलं आहेत, आणि चड्डी घालूनही तीन वर्षांपर्यंत वेळ घेणारी आहेत. त्यामुळे आतापर्यंत पँट वापरली म्हणून कुठल्याही आईने मनाला लावून घेऊ नये.

वयाबद्दलही हेच. 1962 साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1,170 मुलांच्या नोंदी मांडल्या. त्यात मुलं दिवसा कोरडी राहू लागण्याचं सरासरी वय 28 महिन्यांच्या थोडं पुढे होतं, आणि तेव्हा वापरून टाकायचे डायपर फारसे वापरात नव्हते. आपल्या आज्या बाळाला पायांवर बसवून "शूऽऽ" असा आवाज करत, आणि बाळ करतही असे. ती सवय चांगलीच आहे. पण त्यात वेळ ओळखणारी आजी असते. मुलाला स्वतःला कळून, धरून ठेवून सांगणं साधारण दीड-दोन वर्षांनंतरच जमू लागतं.

आता करायचं कसं? पुण्यात राहताय तर आधी आभाळाकडे बघा. जुलै-ऑगस्टात चड्ड्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत, घरभर दोऱ्या लागतात, आणि आठवड्याच्या आत सगळे कंटाळून पुन्हा पँटवर येतात. फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम. मूल नुसत्या चड्डीवर हिंडू शकतं, फरशी पुसली की लगेच वाळते. तुळशीबागेतून डझनभर सुती चड्ड्या आणा, इलॅस्टिक सैल बघून. जीन्स आणि बटणं काही महिने कपाटात राहू देत. गादीवर मेणकापड घाला, गालिचा गुंडाळून ठेवा.

मुलाला "शू आलीय का?" असं विचारू नका. दोन वर्षांच्या मुलाचं उत्तर "नाही" हेच असतं. "चल, शू करून येऊ आणि मग गाडी खेळू," असं म्हणून हात धरा. उठल्या उठल्या, जेवण झाल्यावर, आंघोळीआधी, बाहेर पडण्याआधी. पॉटी सीट कमोडवर बसवत असाल तर पायाखाली स्टूल हवंच. पाय लोंबकळत असले की मुलाला जोर करता येत नाही आणि पडायची भीती वाटते. चड्डीत झाली तर "ओली झाली ना, चल बदलू" एवढंच. ओरडलात तर मूल धरून ठेवायला शिकतं, सांगायला नाही.

शीचं प्रकरण वेगळं असतं, आणि माझ्याकडे सर्वांत जास्त काळजीने आई-बाबा येतात ते याच्यासाठी. शू व्यवस्थित सांगणारं मूल शी मात्र पॉटीवर करतच नाही. पँट मागून घेतं, पडद्यामागे जातं, पडदा मुठीत धरून उभं राहतं, चेहरा लाल होतो. आपण जवळ गेलो की "जा" म्हणतं. पँट दिली नाही तर दोन-तीन दिवस शी धरून ठेवतं. मग ती कडक होते, करताना दुखतं, आणि दुखलं म्हणून पुढच्या वेळी ते आणखी धरून ठेवतं. इथे हट्टाने पँट बंद करू नका. पँट द्या, पण सांगा की शी बाथरूममध्ये जाऊन करायची, उभ्याने केली तरी चालेल. ते अंगवळणी पडलं की पँट घालूनच पॉटीवर बसवा. पुढे पँट सैल करा, मग गुडघ्यापर्यंत खाली घ्या. यात काही आठवडे जातील, जाऊ देत. दरम्यान पपई, भाज्या, मनुका, भरपूर पाणी द्या, आणि दिवसभर दुधाच्या बाटल्या चालू असतील तर त्या कमी करा. शी आधीच कडक होत असेल, तर आधी डॉक्टरांकडून ती मऊ करून घ्या, शिकवणं नंतर.

रात्रीची पँट सुखेनैव चालू ठेवा. रात्री कोरडं राहणं हे शिकवून येत नाही. झोपेत लघवी कमी तयार करणारा हार्मोन आणि मूत्राशय दोन्ही परिपक्व व्हावे लागतात. पाच वर्षांच्या शंभर मुलांमधली साधारण पंधरा अजून अंथरूण ओलं करतात, आणि तो आजार नाही. सकाळी उठल्यावर मात्र पँट लगेच काढा.

प्रवासातही तसंच. एक्स्प्रेसवेवर घाटात गाडी अडकली, तर कुठे थांबणार? पँट घाला, पण मुलाला सांगा, "शू आली की तरीही सांग, थांबता आलं तर थांबू." आणि पोहोचल्यावर चड्डी.

पाळणाघरात डायपर घालूनच पाठवा असा नियम असेल, तर तिथल्या ताईंशी मोकळेपणाने बोला. चार जादा चड्ड्या आणि ओल्या कपड्यांची पिशवी दिलीत, तर बऱ्याच ठिकाणी ऐकतात. नाहीच ऐकलं, तर निदान दर दोन तासांनी मुलाला बाथरूममध्ये नेऊन बसवावं, एवढं मागून घ्या.

वापरलेल्या पँटचं काय करायचं तेही सांगते, कारण ती कुणाच्या तरी हातात जाते. आपल्या शहरात 'स्वच्छ' संस्थेचे कचरावेचक दारोदार कचरा घेतात आणि हाताने वेगळा करतात. शी आधी कमोडमध्ये टाका, पँट गुंडाळून वर्तमानपत्रात घट्ट बांधा, त्यावर लाल ठिपका काढा आणि ती पुडी वेगळी द्या. ठिपका दिसला की ती त्यांना उघडावी लागत नाही.

आणि एक. बरेच महिने कोरडं राहणारं मूल अचानक वारंवार ओलं करू लागलं, शू करताना रडू लागलं, ताप आला, किंवा सारखी तहान लागू लागली, तर चड्डी की पँट हा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

नमस्कार.