शेवटच्या स्वरावर जोर : स्पॅनिश भाषेतलं हेवी मेटल

नमस्कार. आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला फोन केला. म्हणाले, स्पॅनिश म्हटलं की फ्लामेंको कळतं, टँगो कळतो, पण स्पॅनिशमध्ये हेवी मेटल, तो कडाडत्या गिटारचा जोरकस रॉक? ते तर इंग्रजीतच असतं ना? हा प्रश्न १९७० च्या दशकात माद्रिदमध्येही विचारला जायचा आणि ब्वेनोस आयरेसमध्येही. त्याचं उत्तर त्या शहरांतल्या मुलांनी कसं दिलं, ते आज सांगायचं आहे.

मी गेली बावीस वर्षं स्पॅनिश शिकवते. भविष्यकाळाचा धडा आला की फळ्यावर एकच शब्द लिहिते : रेसिस्तिरे. म्हणजे ‘टिकेन’. इंग्रजीला हे सांगायला तीन शब्द लागतात. स्पॅनिशचं एका शब्दात भागतं आणि मराठीचंही. ‘मी’ वेगळं म्हणावं लागत नाही, ते क्रियापदाच्या पोटातच असतं. मुलांना हे फार आवडतं, कारण इंग्रजीच्या वाटेनं स्पॅनिश शिकताना अडखळणारी मुलं मराठीच्या वाटेनं सरळ आत शिरतात. फरक आहे तो उच्चारात. स्पॅनिशमध्ये सगळा जोर शेवटच्या ‘रे’वर पडतो. स्वर उघडा आहे, पुढे व्यंजनाचं दार नाही. गायकाच्या छातीत जेवढा दम असेल तेवढा तो ताणता येतो.

१९८२ साली बारोन रोहो या माद्रिदच्या बँडनं नेमका हाच शब्द घेऊन गाणं केलं. इथे एक गोष्ट स्पष्ट करते. २०२० च्या टाळेबंदीत स्पेनमधले लोक बाल्कनीत उभं राहून ‘रेसिस्तिरे’ गात होते, ते व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. ते गाणं वेगळं. ते दुओ दिनामिको या जोडीचं, १९८८ चं. शब्द एकच, गाणी दोन. मी बोलते आहे ती पहिल्याबद्दल.

बारोन रोहो म्हणजे ‘लाल बॅरन’, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकाचं टोपणनाव. आर्मांदो आणि कार्लोस दे कास्त्रो हे दोन भाऊ गिटारवर, शेर्पा या नावानं ओळखला जाणारा होसे लुइस काम्पुसानो बासवर आणि ड्रम्सवर एर्मेस कालाब्रिया. हा कालाब्रिया उरुग्वेचा. म्हणजे स्पेनच्या या गाजलेल्या मेटल बँडमध्ये अटलांटिकच्या पलीकडचं स्पॅनिश पहिल्यापासूनच होतं. १९८० मध्ये बँड जमला, १९८१ मध्ये पहिली तबकडी आली आणि १९८२ मध्ये ‘बोलूमेन ब्रुताल’ ही दुसरी.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. त्याच्या राजवटीत गाण्याचे शब्दसुद्धा सेन्सॉरच्या हाताखालून जायचे. तो गेला, लोकशाही आली, आणि त्याच वर्षांत कारखाने बंद पडू लागले. बाय्येकास, काराबांचेल या माद्रिदच्या कामगार वस्त्या. खेड्यांतून आलेली माणसं तिथे वसलेली, आणि त्यांची वयात आलेली मुलं बेकार. याच काळात शहराच्या मध्यभागी ‘मोविदा’ नावाची रंगीत चळवळ बहरली. पॉप, फॅशन, चित्रं, सिनेमा. वृत्तपत्रांना आणि टीव्हीला तिचं भारी कौतुक. वस्तीतल्या लांब केसांच्या पोरांकडे मात्र कुणी फारसं बघेना. हेवी या शब्दाचा तिथला उच्चार ‘खेवी’, म्हणून ती पोरं ‘लोस खेविस’. त्यांची दखल घेतली बिसेंते रोमेरो या माणसानं, ज्याला सगळे ‘मारिस्काल’ म्हणतात. त्याच्या चापा दिस्कोस या लेबलनं या वस्त्यांचा आवाज तबकडीवर आणला.

बाय्येकासचाच ओबूस हा दुसरा बँड. ओबूस म्हणजे तोफगोळा. त्यांच्या पहिल्या तबकडीची निर्मिती केली तीनो कासालनं. हा चमचमत्या कपड्यांतला पॉप गायक, मोविदाच्या बाजूचा माणूस. वर्तमानपत्रांनी आखलेली रेषा स्टुडिओत नेहमीच पाळली जात होती असं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. इंग्रजीतच का नको? स्पेनमधल्या अनेकांची अशी खात्री होती, की रॉक चालायचा तर इंग्रजीत. त्यांच्याकडे दाखलाही होता. लोस ब्रावोस या माद्रिदच्या बँडनं १९६६ मध्ये इंग्रजीत एक गाणं केलं आणि ते ब्रिटनमध्ये थेट दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मग स्पॅनिशचा हट्ट कशाला?

बारोन रोहोनं याचं उत्तर स्वतःवरच प्रयोग करून शोधलं. ‘बोलूमेन ब्रुताल’ त्यांनी लंडनला जाऊन, डीप पर्पलचा गायक इयन गिलन याच्या किंग्जवे स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. आणि ती दोनदा गायली : एकदा स्पॅनिशमध्ये, एकदा इंग्रजीत. वाद्यं तीच, चाली त्याच, आवाज तेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते इंग्लंडच्या रेडिंग महोत्सवातही वाजले. भाषा बदलली की गाण्याचं काय होतं, हे तपासायला यापेक्षा चांगली जोडी मला माहीत नाही. मी दोन्ही कितीतरी वेळा ऐकल्या आहेत. इंग्रजी आवृत्ती वाईट नाही, पण ती कसरत वाटते. शब्द ठोक्यावर बसवलेले आहेत. स्पॅनिशमध्ये ते ठोक्यातून उगवल्यासारखे येतात. मैफलीत हजारो लोक बँडबरोबर गात आले, ती स्पॅनिश गाणी.

असं का होतं, ते थोडं जवळून बघू. स्पॅनिश शब्द लांब असतात, एका ओळीत अक्षरं जास्त होतात, म्हणून ती रॉकला जड जाते, असा आक्षेप होता. पण स्पॅनिशमध्ये एक सोय आहे : शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर मिळून एक होतात. त्यांच्या पहिल्या तबकडीच्या नावातच बघा, ‘लार्गा बीदा आल रॉक अँड रोल’. ‘बीदा’ आणि ‘आल’ गाताना ‘बीदाल’ होतात. तिथे याला सिनालेफा म्हणतात. आपण संधी म्हणतो. ही संधी चांगल्या गायकाच्या हातात पडली, की लांब ओळही गिटारच्या पट्टीत चपखल बसते. दुसरं म्हणजे, ज्या शब्दांवर मेटल उभं आहे त्यांतल्या कितीतरींचा जोर शेवटी येतो. ‘मेताल’ हा शब्दच घ्या, जोर ‘ताल’वर. ‘कोरासोन’, हृदय. ‘लिबेर्ताद’, स्वातंत्र्य. ड्रमचा ठोका आणि शब्दाचा ठोका एकाच क्षणी पडतो.

आणि हे शब्द लिहिणारं कोण होतं? बारोन रोहोच्या कितीतरी गाण्यांचे शब्द कारोलिना कोर्तेस या बाईंचे आहेत. त्या शेर्पाच्या पत्नी. मंचावर चार पुरुष, चामड्याची जाकिटं, आणि शब्द एका बाईचे. हे मला आवर्जून सांगायचं होतं, कारण या संगीताचा इतिहास सांगताना त्यांचं नाव राहून जातं. मंचावर उभ्या राहिलेल्या बायकाही होत्या. सांता या बँडची असुसेना १९८४ मध्ये अशी गायली, की तिचा आवाज ऐकल्यावर हे पुरुषांचं संगीत आहे म्हणायची हिंमत होऊ नये.

आता समुद्र ओलांडू. अर्जेंटिना, १९८२. लष्करी राजवट. २ एप्रिलला सैन्य माल्विनास बेटांवर उतरलं, ज्यांना इंग्रज फॉकलंड म्हणतात. ब्रिटनशी युद्ध पेटलं आणि रेडिओवरची इंग्रजी गाणी बंद झाली. रिकामी जागा भरायला स्पॅनिश गाणी लागली. वर्षानुवर्षं संशयानं बघितलेला देशी रॉक सरकारी रेडिओवर वाजू लागला. १४ जूनला शरणागती झाली, पण ते उघडलेलं दार परत मिटलं नाही. त्या रेडिओचा फायदा झाला तो मुख्यतः मृदू गाणाऱ्यांना. मेटलच्या मुलांना कुणी बोलावलं नव्हतं. पाप्पो या गिटारवादकाचा रिफ हा बँड तोवर उभा होता, १९८१ मध्ये त्यांची ‘रुएदास दे मेताल’, म्हणजे ‘धातूची चाकं’, आलेली होती. आणि उपनगरांत व्ही-८ नावाची पोरं तालीम करत होती. १९८२ च्या नोव्हेंबरात ब्वेनोस आयरेसच्या बी. ए. रॉक महोत्सवात ती मंचावर आली. समोरचा श्रोता हिप्पी वळणाचा, शांततेची गाणी ऐकायला आलेला. त्याच्याशी या पोरांचे जोरात खटके उडाले. पुढच्या वर्षी त्यांची ‘लुचांदो पोर एल मेताल’ आली, ‘मेटलसाठी झुंजताना’. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशात लोकशाही परतली.

व्ही-८चा बासवादक रिकार्दो योरियो. पुढे त्यानं एर्मेतिका काढला आणि नंतर आल्माफुएर्ते. स्पॅनिश मेटलमधली सर्वांत सकस शब्दकळा माझ्या मते याची. १९९१ च्या ‘आसिदो आर्हेंतिनो’ या तबकडीवर एक गाणं आहे, ‘हिल त्राबाहादोर’. त्राबाहादोर म्हणजे कामगार. हे कुठल्याही कोशात मिळेल. ‘हिल’ मात्र लुनफार्दोतला शब्द आहे. लुनफार्दो ही ब्वेनोस आयरेसच्या गल्ल्यांतली, तुरुंगांतली, गोद्यांतली बोली, जिच्यावर टँगो वाढला. हिल म्हणजे भोळसट, ज्याला कुणीही फसवून जावं असा. तर ‘हिल त्राबाहादोर’ म्हणजे राब राब राबणारा आणि लुबाडला जाणारा भोळा जीव. या दोन शब्दांत शिवीही आहे आणि मायाही आहे, आणि ती वेगळी काढता येत नाहीत. दुसऱ्या भाषेत गाऊन हे साधलं असतं का? त्याच तबकडीवर ट्रकवाल्याचं गाणं आहे, लिनिएर्स या वस्तीच्या रस्त्यांचं गाणं आहे. ड्रॅगन नाहीत, तलवारी नाहीत. आल्माफुएर्ते हे नावही त्यानं एकोणिसाव्या शतकातल्या एका कवीच्या टोपणनावावरून घेतलं आणि पुढे ‘देसेनकुएन्त्रो’ हा टँगोही मेटलमध्ये आणला.

योरियो ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला. त्यानं ज्यूंविषयी जे काही बोलून ठेवलं ते निषेधार्ह होतं, आणि ते सांगितल्याशिवाय त्याचं कौतुक करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. गाणी माझ्याजवळ आहेत, ती विधानं मी स्वीकारत नाही.

मेक्सिकोची गोष्ट थोडक्यात. १९७१ मध्ये आवांदारो इथे प्रचंड मोठा रॉक महोत्सव झाला, वृत्तपत्रांनी बोंब ठोकली आणि रॉक जवळजवळ हद्दपार झाला. गोदामांत, पडक्या जागांत कार्यक्रम व्हायचे. त्या जागांना ‘ओयोस’, म्हणजे खड्डे, असंच म्हणत. १९८० पासून मेक्सिको शहरात दर शनिवारी ‘एल चोपो’चा बाजार भरू लागला, जिथे मुलं तबकड्यांची अदलाबदल करत. पैसे नसले तरी चालायचं. तुमच्याकडे एक तबकडी असली की तुम्ही त्या व्यवहारात आलात. तो बाजार आजही भरतो. बास्क प्रदेशातल्या आंखेलेस देल इन्फिएर्नोला मेक्सिकोनं डोक्यावर घेतलं ते अशाच वाटांनी. भाषा एक असल्यामुळे माद्रिदची तबकडी मेक्सिकोत परकी राहत नव्हती.

कोलंबियातल्या मेदेयिनबद्दल मात्र मला घाईनं बोलता येत नाही. १९८० चं दशक, अमली पदार्थांच्या टोळ्या, रस्त्यात पडणारी प्रेतं, त्यांत कितीतरी पोरसवदा. त्या शहरात पाराबेलम नावाचा बँड होता. त्यांचं संगीत ऐकायला कठीण आहे. गिटार खरवडल्यासारखी, ताल सुटत जाणारा. ते स्वतः त्याला ‘उल्त्रा मेताल’ म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांना वाजवता येत नाही. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं, की त्या शहरात सुबक वाजवणं हेच खोटं ठरलं असतं. त्याच शहरात क्राकेन हा बँडही होता, घासूनपुसून वाजवणारा, आणि त्याचा गायक एल्किन रामिरेस, भरदार गळ्याचा. तो २०१७ मध्ये गेला. एकाच शहरातले, एकाच भाषेतले हे दोन आवाज, आणि दोन्ही खरे. राजधानी बोगोतामध्ये १९९५ पासून ‘रॉक आल पार्के’ हा महोत्सव होतो. प्रवेश विनामूल्य, आणि मेटलला त्यात हक्काची जागा असते.

स्पेनमध्ये पुढे मागो दे ओस आला, व्हायोलिन आणि बासरी घेऊन. १९९८ मध्ये त्यांनी सेर्वांतेसच्या ‘दोन किहोते’ या कादंबरीवर, म्हणजे आपण जिला ‘डॉन क्विक्झोट’ म्हणतो तिच्यावर, अख्खी तबकडी केली. मला तो बँड जरा गोड लागतो, पण माझ्या वर्गातल्या मुलांनी सेर्वांतेसचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्यामुळे, म्हणून मी त्याची ऋणी आहे.

वेळ संपत आली आहे. वर्गातला एक प्रसंग सांगते आणि थांबते. मागच्या वर्षी ‘रेसिस्तिरे’ ऐकवून झाल्यावर सांगलीचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, हेच मराठीत गाऊन बघू या. त्यानं ‘टिकेन’ घेतला आणि ताणायला गेला, तर ‘न’ आला आणि तोंड मिटलं, आवाज नाकात गेला. दोनदा केलं, दोनदा तेच. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, अरे, ‘मी’ सोड, ‘आम्ही’ घे. ‘टिकू’ म्हण. त्यानं म्हटलं. शेवटी ‘ऊ’ मोकळा होता. तो ताणला, मग तिनं ताणला, आणि मग बाकीच्यांनी. शेजारच्या वर्गातले जर्मनचे सर दारात येऊन उभे राहिले, तरी कुणाचा श्वास संपत नव्हता.