मर्यादित नोंदणीचे पिल्लू

जातिवंत कुत्र्याचे पिल्लू घेताना ब्रीडरने ‘याची नोंदणी मर्यादित असेल’ असे सांगितले की, घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती पिल्लात काही खोट असल्याची. शंका स्वाभाविक आहे. पण मर्यादित नोंदणी झालेले पिल्लू आणि पूर्ण नोंदणी झालेले त्याचे सख्खे भावंड एकाच वेतातले असतात, त्यांचे आईबाप तेच असतात आणि वंशावळही अक्षरशः तीच असते. फरक पिल्लात नसून पुढच्या पिढीच्या हक्कात आहे, आणि आजच्या व्याख्यानात मला त्या हक्काविषयीच बोलायचे आहे.

हा शब्दप्रयोग मुख्यतः 1884 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन केनेल क्लबचा. या क्लबच्या नियमांप्रमाणे मर्यादित नोंदणीचा कुत्रा क्लबच्या दप्तरी जातिवंत म्हणूनच नोंदला जातो. मात्र त्याच्यापासून झालेल्या पिल्लांची नोंदणी क्लब स्वीकारत नाही, मग दुसरा जोडीदार कितीही नावाजलेला असो. जातीच्या आदर्श ठेवणीनुसार कुत्र्यांचे मूल्यमापन करणाऱ्या प्रदर्शनातही त्याला उतरता येत नाही. हे तर्काला धरूनच आहे, कारण ते प्रदर्शन मुळात पैदाशीसाठी योग्य नर-मादी निवडण्याकरिता असते. आज्ञापालन, माग काढणे, अडथळ्यांची शर्यत अशा स्पर्धा मात्र त्याला खुल्या असतात. सगळ्यात महत्त्वाची बाब अशी की, कोणत्या पिल्लाला कोणती नोंदणी द्यायची हे वेताचा मालक ठरवतो, आणि पुढे मर्यादित नोंदणीचे पूर्ण नोंदणीत रूपांतर करून देण्याचा अधिकारही त्याच्याकडेच राहतो. पिल्लू विकत घेणाऱ्याला ती परस्पर बदलून घेता येत नाही.

ब्रीडरच्या हाती एवढा अधिकार का द्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वयाच्या हिशेबात आहे. पिल्लू साधारण 8 आठवड्यांचे झाले की नव्या घरी जाते. त्या वयात त्याचा रंग, चेहरा आणि काहीसा स्वभाव कळतो. पण मोठ्या जातींच्या कुत्र्यांना छळणारा खुब्याच्या सांध्याचा विकार, म्हणजे हिप डिस्प्लेजिया, तेव्हा ओळखता येत नाही. अमेरिकेत 1966 पासून काम करणारी ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था क्ष-किरण चित्रांवरून खुब्यांची प्रतवारी करते आणि अंतिम दाखला कुत्रा 24 महिन्यांचा झाल्यावरच देते. काही रोगांची जनुकीय चाचणी लहानपणीच होऊ शकते हे खरे. अशा रोगांत दडलेले जनुक वाहणारे आईबाप स्वतः ठणठणीत दिसतात, पण तसे दोघे एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला तो रोग होण्याची शक्यता 25 टक्के असते. खुब्याचा विकार मात्र अनेक जनुकांच्या आणि संगोपनाच्या एकत्रित परिणामातून होतो, त्यामुळे तिथे वाट पाहण्याला पर्याय नाही. म्हणजे पैदाशीचा निर्णय ज्या माहितीवर घ्यायचा ती हाती येण्याआधी जवळजवळ 22 महिने पिल्लू दुसऱ्याच्या घरी राहते, आणि या मधल्या काळात मर्यादित नोंदणी तो निर्णय रोखून धरते.

याचा आणखी एक उपयोग आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. पैदास टाळण्यासाठी पिल्लाची लवकरात लवकर नसबंदी करण्याची अट घालण्याचा प्रघात आहे. 2013 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 759 गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वयाच्या पहिल्या वर्षातच नसबंदी झालेल्या नरांमध्ये हिप डिस्प्लेजियाचे प्रमाण नसबंदी न झालेल्या नरांच्या दुप्पट आढळले. हा निष्कर्ष सरसकट सगळ्या जातींना लावता येणार नाही. तरीही जो हेतू कागदावरच्या एका निर्बंधाने बऱ्याच अंशी साधतो, त्यासाठी वाढत्या हाडांच्या वयात शस्त्रक्रियेची घाई कशाला, हा प्रश्न उरतोच.

‘बऱ्याच अंशी’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. हा निर्बंध क्लबच्या दप्तरापुरता आहे. माजावर आलेली मादी कागद वाचत नाही, आणि ज्याला पिल्ले विनानोंदणीच विकायची आहेत त्याला तो अडवू शकत नाही. त्याहून मला खटकतो तो काही विक्रेत्यांचा व्यवहार. तेच पिल्लू, तेच वय, चाचणी एकही नाही, आणि जादा रक्कम मोजली की पूर्ण नोंदणी! असा विक्रेता पैदाशीची पात्रता तपासत नाही, ती सरळ विकतो. दुसऱ्या टोकाला, आपल्या वंशाला स्पर्धक नको म्हणून झाडून सगळी पिल्ले मर्यादित नोंदणीवर देणारेही असतात. आधीच संख्येने लहान असलेल्या जातीत असे सर्रास झाले तर मोजक्या नर-मादींवरच पुढची पिढी उभी राहते आणि ज्या आनुवंशिक दोषांना आवरायचे तेच दाट होत जातात.

इतर देशांत हीच कल्पना वेगळ्या रूपांत दिसते. ऑस्ट्रेलियात मुख्य आणि मर्यादित अशा दोन नोंदवह्या असतात. ब्रिटनमध्ये 1873 मध्ये स्थापन झालेला केनेल क्लब ब्रीडरला पिल्लाच्या नोंदणीवर ‘संततीची नोंदणी नाही’ असा शेरा मारू देतो; पण त्या शेऱ्याची कल्पना असल्याचे घेणाऱ्याकडून विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी सहीनिशी लिहून घ्यावे लागते. ही पद्धत मला अधिक स्वच्छ वाटते. अटी तोंडी राहिल्या की दोन वर्षांनी प्रत्येकाला त्या आपापल्या सोयीने आठवतात. म्हणून नोंदणी कोणत्याही क्लबची असो, खुबे, डोळे आणि हृदय यांच्या कोणत्या तपासण्या, कोणत्या वयात आणि कोणाच्या खर्चाने झाल्यावर ती पूर्ण करून दिली जाईल, हे पिल्लू उचलण्याआधी करारात लिहून घ्यावे. पैदास कधीच करायची नसेल तर हे कलम लागणार नाही. तेव्हा फक्त नसबंदीची अट आहे का आणि ती कोणत्या वयाची आहे, एवढे वाचून सही करावी.