धाकटी म्हटलं, तर थोरली कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

आज सुरुवातीलाच एक विचारते. तुमच्या पणजोबांचं नाव काय? आठवलं असेल. आपल्याकडे प्रत्येकाच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं, त्यामुळे आजोबांचं पूर्ण नाव घेतलं की पणजोबा आपोआप सापडतात. आता पणजीचं नाव आठवा. तिचं सासरचं नाव कदाचित येईल. पण तिचं माहेरचं नाव? माहेरचं आडनाव? माहेरचं गाव? बहुतेक घरांत इथेच शोध थांबतो.

अमेरिकेत लग्न करायचं तर बहुतेक राज्यांत काऊंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीतून परवाना काढावा लागतो आणि त्या लग्नाची नोंद तिथेच राहते. म्हणून तिथली माणसं पूर्वज शोधायला निघाली की आधी लग्नाची रजिस्टरं उघडतात. नवऱ्याचं नाव, नवरीचं लग्नाआधीचं आडनाव, सगळं एका ओळीत मिळतं. आपल्याकडे तेव्हाच्या मुंबई राज्याचा विवाह नोंदणी कायदा १९५३ सालचा. त्याआधीच्या आजी-पणजीच्या लग्नाची सरकारी नोंद शोधायला गेलात, तर बहुधा हात हलवत परत याल. गोव्यातल्या श्रोत्यांचं तसं नाही. त्यांच्याकडे पोर्तुगीज अमलापासून लग्न सरकारदरबारी नोंदवावं लागे, त्यामुळे त्यांना लग्नाच्या नोंदवहीपासून सुरुवात करता येते.

मग आपण कुठे शोधायचं? आपल्या पणज्यांची नावं कागदावर आलीच नाहीत असं नाही. ती वेगळ्या कागदांवर आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे सुगी झाली की हेळवी येतात आणि घराण्याच्या पिढ्या सांगतात, त्यांच्याकडे आहेत. ज्यांच्या घराण्यांनी कुलवृत्तांत छापले, त्यांच्याकडे प्रत्येक पुरुषाच्या माहितीखाली पत्नीच्या माहेरची ओळ असते. घराण्याचा इतिहास म्हणून लोक पराक्रमाची पानं वाचतात. मला विचाराल तर ती माहेरची ओळच सगळ्यांत मोलाची, कारण तिथून दुसऱ्या घराण्याचं दार उघडतं.

शोधाला निघताना तीन गोष्टी जवळ हव्यात. मूळ गाव, मूळ आडनाव आणि माहेर. पुन्हा सांगते: मूळ गाव, मूळ आडनाव आणि माहेर. या तीन गोष्टी मी कशा शिकले, ते सांगते.

माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही तीर्थश्राद्धासाठी नाशिकला गेलो. माझा भाऊ, मी आणि आमची आत्या. आत्या तेव्हा ८१ वर्षांची होती. गुडघे धरलेले, पण भावासाठी मी येणारच म्हणाली. पंचवटीत रिक्षातून उतरलो तर पहिला प्रश्न आला, “गाव कुठलं?” भावानं पुणे सांगितलं. तो माणूस म्हणाला, “राहता कुठे ते नाही विचारलं, दादा. गाव कुठलं?” आत्यानं मूळ गाव सांगितलं. नगर जिल्हा, संगमनेर तालुका. त्यानं लगेच कोणाच्या वाड्यात जायचं ते दाखवलं.

रामकुंडावर विधी सुरू झाला. तीर्थश्राद्धात नुसत्या वडिलांचं नाव घेऊन भागत नाही. वडील, आजोबा, पणजोबा, मग आई, आजी, पणजी, मग आईच्या माहेरच्या पिढ्या, अशी नावं घेत पिंड ठेवायचे असतात. पणजीचं नाव विचारलं तेव्हा आत्यानं पटकन सांगितलं, कारण पणजी म्हणजे तिची सख्खी आजी. तिच्या मांडीवर ती वाढली होती. घरात सगळे त्या आजीला ‘धाकटीआई’ म्हणत. माझे आजोबा, म्हणजे तिचा मुलगा, तेही धाकटीआईच म्हणत. आमच्या कानांना त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

विधी आटोपला. गुरुजी म्हणाले, “वर चला, वहीत तुमचं नाव लिहून घेतो. जुना लेख असला तर तोही पाहू.” माडीवर गेलो. लाल खारव्याच्या कापडात बांधलेल्या लांबट वह्या. गुरुजींनी गावाची वही काढली आणि आमच्या आडनावाचं पान शोधलं. नाव नाही. पुन्हा पाहिलं. नाहीच. भाऊ उठायला लागला. तेव्हा आत्या म्हणाली, “गुरुजी, हे आडनाव माझ्या वडिलांनी शाळेत लावलेलं. त्याच्या आधी आम्ही नुसते पाटील.” गुरुजी हसले. म्हणाले, “आजी, हे आधी सांगायचं.” पाटलांची पानं उघडली आणि तिसऱ्या पानावर आमचं घर सापडलं.

लेख मोडीत होता. शके १८४२, श्रावण. म्हणजे १९२० साल, सिंहस्थाचं. गुरुजी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होते. पणजोबांचं नाव, बिन म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव. दोन भाऊ. मुलगा एक, वय ६. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. ज्यांना मी नेहमी पांढऱ्या मिशांत पाहिलं, ते तिथे सहा वर्षांचे होते. पुढची ओळ वाचताना गुरुजी थांबले. मग हळू आवाजात वाचलं: मुलाची आई तापाच्या साथीत वारली, तिचे तीर्थश्राद्धास आलो. तिचं नाव. माहेर, सिन्नर तालुक्यातलं एक गाव. तिच्या वडिलांचं नाव. सोबत मुलाचा मामा. आणि त्या मामाला लिहिता येत नव्हतं, म्हणून नावाखाली निशाणी नांगर. बोटभर लांबीचा नांगर काढलेला, फाळ खाली वळलेला, शाई एका टोकाला पसरलेली.

तापाची साथ म्हणजे १९१८ ची. त्या इन्फ्लुएंझानं मुंबई इलाख्यात गावंच्या गावं ओस पडली. आमच्या घरातलंही माणूस त्यात गेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. धाकटीआई ही पणजोबांची दुसरी बायको. धाकटी म्हटलं, तर थोरली कोण, हे इतक्या वर्षांत आमच्या घरात एकानंही विचारलं नाही!

मी आत्याकडे पाहिलं. ती वहीकडे पाहत नव्हती. तिचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला होता. म्हणाली, “आगं पोरी, तो टाक!”

धाकटीआईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा एक छोटा टाक असे. रुपयापेक्षा लहान, त्यावर बाईची आकृती, झिजून गुळगुळीत झालेली. नवं लुगडं आलं की ती आधी त्याचा पदर त्या टाकाला टेकवायची, मग नेसायची. सणाला पुरणाचा पहिला घास त्याला दाखवायची. पोरांनी विचारलं तर म्हणायची, देवी आहे. ती गेल्यावर टाक देवघरात आला आणि आजही माझी वहिनी रोज त्याला हळदीकुंकू लावते. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत जुन्या माणसांना माहीत आहे. आत्यालाही माहीत होती. पण आपल्याच आजीच्या गळ्यातली देवी म्हणजे ती पहिली, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही थोरलीला रोज हळदीकुंकू वाहत होतो आणि तिचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं.

आत्यानं भावाला पुन्हा रामकुंडावर पाठवलं. “धाकटीआईचं नाव घेतलंस ते राहू दे, तिनं वाढवलं म्हणून तर आपण आहोत. आता थोरलीच्या नावानं पाणी सोड.” भावानं ते नाव घेतलं आणि तिलांजली दिली.

पुढे दोन महिन्यांनी आम्ही सिन्नर तालुक्यातल्या त्या गावाला गेलो. आत्यानं वाटेत खण, नारळ आणि पेढे घ्यायला लावले. आजोबांच्या आजोळी पहिल्यांदा जायचं, रिकाम्या हातानं कसं जायचं! वहीतल्या आडनावाचं घर विचारत गेलो. ओसरीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, त्यांना नांगराच्या निशाणीवाल्या मामांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “माझे आजोबा.” त्यांनी लहानपणी ऐकलं होतं की घरातली एक लेक संगमनेरकडे दिली होती आणि ती तापात गेली. पुढचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांच्या सुनेनं आत्याची ओटी भरली. तांदूळ पदरात पडताना आत्या म्हणाली, “लेकीची नात आले हो मी.”

श्रोतेहो, तीन गोष्टी म्हणाले होते त्या याच. गाव चुकलं असतं तर वाडा सापडला नसता. आडनाव चुकलं तर पान सापडलं नाही. आणि माहेरची ओळ होती म्हणून सिन्नरचं ते घर सापडलं.

आता थोडं कामाचं सांगते. वेळ कमी उरला आहे.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, जन्ममृत्यूची नोंद. जुनी माणसं त्याला कोतवाल बुक म्हणतात. आम्हाला थोरलीच्या मृत्यूची नोंद त्यात मिळाली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ताप. जमीन असेल तर फेरफार काढा, वारसांची नावं त्यात येतात आणि लेकींचीही येतात. जुन्या कागदांत ‘बिन’ किंवा ‘वलद’ आलं की पुढे बापाचं नाव, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की पुढे नवऱ्याचं नाव. हे चार शब्द लिहून ठेवा: बिन, वलद, कोम, भ्रतार. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आपल्याकडच्या फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सालात, ५९०. वर्षाच्या कोणत्या टोकाची तारीख आहे त्यावर एखाद्या सालाचा फरक पडतो. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकच नाव एकाआड एक पिढीत येतं आणि दोन माणसं एकच वाटतात. तिथे साल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखेवर मात्र फार भिस्त नको. निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिली.

मोडीचं एक सांगायलाच हवं. आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, अशी ती लिपी. ह्रस्व-दीर्घाचा भेद ती पाळत नाही, म्हणून नवख्याला कठीण जाते. पण चिकाटीनं काही महिने बसलं तर घरगुती कागद वाचता येतात, मी पन्नाशीनंतर शिकले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत आणि ते वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझं ठाम मत आहे की शाळेत आठवी-नववीत एक वर्ष मोडी शिकवावी. पोरं आपल्या घरचे कागद तरी वाचतील.

आणि लग्नपत्रिका जपा. आता पत्रिका मोबाइलवर येते, त्यात नवरा-नवरीचा फोटो मोठा असतो आणि गावाचं नाव नसतं. जुन्या पत्रिकेत दोन्हीकडचे आजोबा, दोन्ही गावं, तिथी, शके, सगळं असायचं. प्रत्येक लग्नाची एक तरी छापील पत्रिका ट्रंकेत ठेवा. तिच्या मागे नवरीचं लग्नाआधीचं नाव पेनानं लिहा, कारण ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं त्याच दिवशी मागे पडतं.

नाशिकचं एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी लेख वाचून झाल्यावर गुरुजींनी पेन पुढे केलं आणि म्हणाले, आता तुमचा लेख लिहा. भावानं पुरुषांची नावं लिहिली, मुलांची लिहिली आणि पेन ठेवायला लागला. आत्या म्हणाली, “सुनांची माहेरं लिही.” मग फोन सुरू झाले. वहिनीला, काकूला, चुलत वहिनींना. कुणाचं माहेर वैजापूर, कुणाचं बार्शी, कुणाला आपल्या आजोबांचं नाव पुन्हा आईला विचारावं लागलं. पाऊण तास गेला. गुरुजींनी चहा मागवला. सगळं लिहून झाल्यावर आत्यानं पेन मागून घेतलं. थरथरत्या हातानं तिनं आपलं सासरचं नाव लिहिलं आणि त्याच्या खालच्या ओळीत माहेरचं. त्या नावानं तिला हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे माझे वडील, आणि ते वर्षापूर्वी गेले होते. शाई वाळेपर्यंत ती वहीवर हात धरून बसली होती.

नमस्कार.